घरात मांजर आणि पोटात बाळ: गरोदरपणापासून बाळ रांगेपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

गरोदरपणाची बातमी कळली की मांजराबद्दल घरात दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर पहिल्या आठवड्यातच त्याची पाठवणी होते. नाहीतर नऊ महिने सगळं जसंच्या तसं चालू राहतं आणि बाळ घरी येण्याच्या तोंडावर एकदम मांजराचा मुता-विष्ठेचा ट्रे हलवला जातो, खोलीचं दार बंद होतं, मांजर बिछान्यावरून खाली उतरवलं जातं. पहिली गोष्ट बहुतेक वेळा अनावश्यक असते. दुसऱ्या गोष्टीतून पुढच्या अर्ध्या तक्रारी जन्माला येतात: मांजर गादीवर मुततं, पाळण्यात शिरतं, अंगावर धावून येतं.

कामं फार नाहीत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. संसर्गाची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यायची. घरातले बदल बाळ यायच्या किमान दोन-तीन महिने आधी करायचे. बाळ आल्यावर मांजराच्या आयुष्यात नवीन असं फक्त बाळच असावं.

## टप्पा 1: धोका नेमका कुठून येतो

भीती असते ती टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची. तो मांजराच्या केसांत, श्वासात किंवा लाळेत राहत नाही. मांजराने उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाल्लं आणि त्यातून त्याला पहिल्यांदा संसर्ग झाला, तर त्याच्या विष्ठेतून परजीवीचे सूक्ष्म कोष बाहेर पडतात. हे साधारण एक ते तीन आठवडे चालतं आणि बहुतेक मांजरांच्या आयुष्यात एकदाच घडतं.

पुढचा मुद्दा सगळ्यात कामाचा आहे. ताज्या विष्ठेतले कोष लगेच संसर्ग करू शकत नाहीत. त्यांना पिकायला 1 ते 5 दिवस लागतात. म्हणून रोज साफ होणारा ट्रे आणि तीन दिवसांनी साफ होणारा ट्रे यांतला फरक नुसत्या वासाचा नाही. मात्र पिकलेले कोष चिवट असतात. ओलसर मातीत ते वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकतात, आणि ब्लीच किंवा नेहमीच्या जंतुनाशकांनी ते खात्रीने मरत नाहीत. त्यांना मारते ती उष्णता.

माणसाला संसर्ग होतो तो हे कोष तोंडावाटे पोटात गेल्यावर, किंवा अर्धकच्च्या मांसातून. घरातच राहणाऱ्या, कोरडं किंवा शिजवलेलं अन्न खाणाऱ्या, शिकार न करणाऱ्या मांजरापेक्षा नीट न शिजलेलं मांस आणि न धुतलेली पालेभाजी हे मोठे धोके आहेत. मांजर घालवून दिलं आणि ताटात बदल केला नाही, तर मूळ धोका घरातच राहतो.

मांजराला कुरवाळणं, त्याने मांडीवर बसणं, त्याचा एखादा केस पोटात जाणं, यातून टॉक्सोप्लाझ्मा होतो असं मानायला आधार नाही. हात मात्र जेवणाआधी धुवायचेच.

तपासा: तुमचं मांजर बाहेर फिरतं का? शिकार करतं का? त्याला कच्चं मांस दिलं जातं का? वय एक वर्षाच्या आत आहे का? एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर टप्पा 4 मधल्या नियमांत एका दिवसाचीही सूट घेऊ नका.

## टप्पा 2: आईची रक्ततपासणी

शक्यतो गर्भधारणेच्या आधी, नाहीतर पहिल्या भेटीतच, घरात मांजर असल्याचं डॉक्टरांना सांगा. न विचारताच सांगा. टॉक्सोप्लाझ्माची तपासणी सगळीकडे सरसकट केली जात नाही, त्यामुळे ती तुमच्यासाठी करायची का हे ठरवायला त्यांना ही माहिती लागते.

तपासणीत आयजीजी आणि आयजीएम ही दोन प्रतिपिंडं पाहतात. निकालाचा ढोबळ अर्थ असा:

- आयजीजी आहे, आयजीएम नाही: संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेला आहे. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर गर्भाला धोका जवळजवळ नसतो.
- दोन्ही नाहीत: संसर्ग कधीच झालेला नाही. म्हणजेच आता होऊ शकतो. या लेखातली खबरदारी खास तुमच्यासाठी आहे.
- आयजीएम आहे: घाबरून निष्कर्ष काढू नका. आयजीएम कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ रक्तात दिसत राहतं, आणि खोटा पॉझिटिव्ह निकालही येतो.

इथेच सर्वात जास्त गोंधळ होतो. फक्त आयजीएम पॉझिटिव्ह आल्यावर कोणताही मोठा निर्णय घ्यायचा नसतो. चांगल्या संदर्भ प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी आणि त्याबरोबर आयजीजी अ‍ॅव्हिडिटी (प्रतिपिंडं परजीवीला किती घट्ट चिकटतात याची) तपासणी करतात. गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत अ‍ॅव्हिडिटी जास्त आली, तर संसर्ग निदान तीन-चार महिने जुना, म्हणजे बहुधा गर्भधारणेच्या आधीचा असतो. अ‍ॅव्हिडिटी कमी आली म्हणून संसर्ग नवाच आहे असं मात्र सिद्ध होत नाही.

संसर्ग खरोखर गरोदरपणातला असेल तर दोन गोष्टी उलट्या दिशेने जातात. उपचार न घेतल्यास पहिल्या तिमाहीत तो बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी, साधारण 10 ते 15 टक्के असते, पण पोहोचला तर इजा गंभीर असते. शेवटच्या तिमाहीत शक्यता 60 टक्के किंवा त्याहून जास्त होते, इजा मात्र सहसा सौम्य, आणि कधीकधी बाळाच्या डोळ्यांत पुढे काही वर्षांनी दिसणारी. उपचार उपलब्ध आहेत: साधारण 18 आठवड्यांपर्यंत स्पायरामायसिन, त्यानंतर किंवा गर्भाला संसर्ग झाल्याचं दिसल्यास पायरिमेथामिन आणि सल्फाडायझिन, सोबत फोलिनिक अ‍ॅसिड. हे सगळं तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होतं.

सूचना: नवा संसर्ग बहुतेकांना जाणवतही नाही. मानेच्या गाठी सुजणं, बारीक ताप, थकवा इतकंच. गरोदरपणात मानेत गाठी आल्या तर ‘सर्दी असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर जुना संसर्गही पुन्हा जागा होऊ शकतो. अशा वेळी वरचे ढोबळ अर्थ लागू पडत नाहीत.

## टप्पा 3: मांजराची व्हेटकडे फेरी

बहुतेक लोक व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, जातात ते ‘मांजराची टॉक्सोची टेस्ट करा’ म्हणत. या तपासणीचा फायदा कमी. रक्तात प्रतिपिंडं सापडली तर त्याचा संसर्ग आधीच होऊन गेलेला असतो आणि ते पुन्हा कोष सोडण्याची शक्यता कमी असते, म्हणजे भीतीदायक वाटणारा निकाल खरं तर बरा. प्रतिपिंडं नसतील तर उद्या संसर्ग होऊ शकतो. विष्ठा तपासून उपयोग नाही, कारण कोष पडण्याचा काळ इतका लहान असतो की तपासणी नेमकी त्यात सापडणं अवघड.

फेरी मात्र करायचीच. तिथे हे उरकून घ्या:

1. रेबीज आणि इतर लसी वेळेवर आहेत का ते पाहा. राहिली असेल ती द्या.
2. जंताचं औषध. मोठ्या मांजराला साधारण दर तीन महिन्यांनी. मांजराच्या गोल जंतांची अंडी रांगत्या बाळाच्या पोटात जाऊ शकतात, म्हणून हे वेळापत्रक बाळाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत चुकवू नका.
3. पिसवांचा बंदोबस्त. ओरखड्यातून ताप आणणारा बार्टोनेला हा जिवाणू मांजरांमध्ये पिसवांमुळेच पसरतो.
4. अंगावर गोल टक्कल पडलेले चट्टे आहेत का? गजकर्णाचा संसर्ग मांजराकडून माणसाला सहज होतो आणि उपचार काही आठवडे चालतो. बाळ आल्यावर तो सुरू करण्याची वेळ येऊ देऊ नका.
5. नसबंदी झाली नसेल तर आत्ताच. नसबंदी न झालेला बोका घरभर फवारे मारतो आणि मादी पळून जाऊन पोटुशी राहते. दोन्ही गोष्टी तान्ह्या बाळाच्या घरात नकोशा.
6. नखं कापायला शिकून घ्या. दर दोन आठवड्यांनी फक्त टोकाचा पारदर्शक भाग कापायचा. आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते.

सूचना: कुत्र्यांसाठीचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येऊन जीव जाऊ शकतो. मांजरासाठीचं मानेवर टाकायचं औषधसुद्धा गरोदर बाईने स्वतः लावू नये. दुसऱ्याने लावावं, आणि ती जागा वाळेपर्यंत तिथे हात लावू नये.

गरोदरपणात नवं पिल्लू किंवा रस्त्यावरचं मांजर घरी आणू नका. पहिल्यांदा संसर्ग होऊन कोष सोडणारी मांजरं बहुतेक याच गटातली असतात.

## टप्पा 4: ट्रे

ट्रेचं काम गरोदर बाईने करायचं नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती पुढे. काम दुसऱ्याकडे जातं आणि तो दुसरा ते दोन-तीन दिवसांनी करतो. मग कोष पिकतात, लिटरचे (ट्रेमध्ये भरलेल्या दाणेदार मालाचे) कण ट्रेबाहेर सांडतात, पायांना लागून घरभर फिरतात. म्हणून काम कोणाचं हे ठरवताना वेळही ठरवा: दर 24 तासांच्या आत, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. ती व्यक्ती गावाला गेली तर बदली कोण, हेही आधीच ठरलेलं असू द्या.

रोजचं काम या क्रमाने:

1. डिस्पोजेबल हातमोजे घाला.
2. स्कूपने विष्ठा आणि ओले गोळे काढून पिशवीत टाका. लिटर जोरात ढवळून धूळ उडवू नका.
3. पिशवीचं तोंड बांधून ती झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात टाका. कमोडमध्ये टाकू नका. कोष सांडपाण्यातून पुढे जातात, आणि गोळे होणारं लिटर पाइप तुंबवतं ते वेगळंच.
4. कमी झालेलं लिटर भरा. थर पाच ते सात सेंटिमीटरचा असू द्या.
5. ट्रेभोवतीची जमीन ओल्या कपड्याने पुसा. कोरडा झाडू नको.
6. मोजे काढा, मग साबणाने हात धुवा. मोजे घातले होते म्हणून हात न धुणं ही हमखास होणारी चूक.

गोळे होणारं लिटर दोन ते चार आठवड्यांनी पूर्ण बदला, न होणारं आठवड्यातून एकदा-दोनदा. ट्रे रिकामा केल्यावर त्यात उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं ठेवा, मग साबणाने धुवा. पातळ प्लास्टिकचा ट्रे उकळत्या पाण्याने वाकतो, तेव्हा आधी पाहून घ्या.

सिलिका क्रिस्टल लिटरच्या पाकिटावर ‘महिनाभर टिकतं’ असं लिहिलेलं असतं. ते मुताबद्दल असतं. विष्ठा त्यातूनही रोजच काढायची. आपोआप साफ होणाऱ्या ट्रेचंही तसंच: मशिन विष्ठा खालच्या डब्यात ढकलते, तो डबा कोणीतरी हातानेच रिकामा करतं आणि बहुतेक घरांत आठवड्याने करतं. तोपर्यंत त्यातले कोष पिकलेले असतात. तो डबा गरोदर बाईने अजिबात हाताळू नये.

सूचना: ट्रे फिनाईलने धुवू नका. फिनॉलवर्गातली रसायनं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, आणि ती पंजे चाटून पोटात घेतं. ब्लीचही नको: मुतातल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की घशाला झोंबणारा विषारी वायू तयार होतो.

घरात दुसरं कोणीच नसेल तर? गरोदर बाईने काम रोज करावं, मोजे घालून, वरच्याच क्रमाने. रोज स्वतः करणं हे दोन दिवसांनी दुसऱ्याची वाट पाहण्यापेक्षा सुरक्षित आहे.

## टप्पा 5: ताट आणि माती

याचा मांजराशी थेट संबंध दिसत नाही, म्हणून हा टप्पा गाळला जातो. पण घरातलं मांजर घरातच राहत असेल, तर संसर्ग येण्याची मोठी वाट हीच.

मांस आतपर्यंत शिजलेलं हवं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर अखंड तुकड्याच्या मध्यभागी 63 अंश सेल्सिअस आणि त्यानंतर तीन मिनिटं तसंच ठेवणं, खिम्याला 71 अंश, कोंबडीला 74 अंश. थर्मामीटर नसेल तर आत गुलाबीपणा नाही आणि रस स्वच्छ आहे एवढं तरी पाहा. धुरावलेलं, वाळवलेलं किंवा खारवलेलं मांस शिजवलेलं समजू नका. मायक्रोवेव्हवर विसंबू नका, तो सगळीकडे सारखं तापवत नाही. मांस उणे 18 अंशांवर काही दिवस गोठवलं तर धोका बराच कमी होतो, पण शिजवणं त्याने टळत नाही. मीठ चाखायला शिजत असलेल्या मांसाचा तुकडा तोंडात टाकण्याची सवय या नऊ महिन्यांत सोडा.

पालेभाज्या आणि फळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, साल काढता येत असेल तर काढा. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नका. कच्चं दूध नको, त्यातही शेळीचं.

कुंड्या, बाग, मुलांची वाळू: इथे बाहेरची मांजरं येऊन जातात. मातीत हात घालायचा तर मोजे घालून, आणि नंतर हात धुऊनच.

मांजरालाही कच्चं मांस बंद. या काळात ते घरातच ठेवता आलं तर उत्तम.

## टप्पा 6: घरातले बदल, दोन-तीन महिने आधी

मांजर अडचणीपेक्षा अचानकपणाने जास्त बिथरतं. एकाच आठवड्यात जागा, वास, आवाज आणि माणसांचं वेळापत्रक बदललं की त्याचा राग बाळाच्या सामानावर निघतो. म्हणून एकेक बदल, मध्ये आठ-दहा दिवस सोडून.

पहिला, ट्रेची जागा. ट्रे बाळाच्या होणाऱ्या खोलीत असेल तर एका रात्रीत उचलून दुसरीकडे ठेवू नका. नव्या जागी दुसरा ट्रे ठेवा, जुना तसाच राहू द्या. मांजर सलग दोन आठवडे नवा ट्रे वापरू लागलं की जुना काढा. एका मांजरामागे दोन, दोन मांजरांमागे तीन, असा ट्रेंचा हिशोब असतो. जागा शांत हवी. वॉशिंग मशिनशेजारी ठेवला आणि ते एकदा भर चक्रात सुरू झालं, की मांजर तो ट्रे सोडून देतं.

दुसरा, झोपायची जागा. बाळ आल्यावर मांजराला खोलीत झोपू द्यायचं नसेल, तर तो नियम आत्तापासून लावा. दार बंद केल्यावर पहिल्या काही रात्री ते ओरडेल, दार खरवडेल. एकदाही उघडलंत तर ‘पुरेसं ओरडलं की उघडतं’ एवढंच त्याला कळतं. बाहेर त्याला उबदार, उंचावरची जागा द्या: कपाटाचा वरचा कप्पा, खिडकीजवळची फळी. उंची मिळाली की मांजर पुष्कळ गोष्टी सहन करतं.

तिसरा, पाळणा. तो लवकर आणला तर मांजराला वाटतं की बिछाना आपल्यासाठीच आला. रिकाम्या पाळण्यात तीन आठवडे झोपलेलं मांजर नंतर उठवणं फार कठीण. आणल्या दिवसापासून खोलीचं दार बंद ठेवा. ते शक्य नसेल तर पाळण्यात दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावलेला पुठ्ठा किंवा अ‍ॅल्युमिनिअम फॉइल अंथरा. चिकट पंजे आणि खसखस आवाज मांजराला आवडत नाही. बाळाला ठेवण्याआधी हे सगळं काढायचं.

चौथा, आवाज. रडण्याचं रेकॉर्डिंग इतक्या हळू आवाजात लावा की मांजराचे कान वळतील पण खाणं थांबणार नाही. रोज पाच मिनिटं, त्याच वेळी आवडता खाऊ. दोन-तीन दिवसांनी आवाज थोडा वाढवा. ते पळून गेलं तर तुम्ही घाई केली. पुन्हा मागच्या पायरीवर या.

पाचवा, लक्ष. आत्ता रोज दोन तास मांडीवर आणि बाळ आल्यावर शून्य, असं होऊ देऊ नका. खेळ आणि खाणं हळूहळू दुसऱ्या माणसाकडे सोपवा. दिवसातून दोनदा दहा मिनिटांचा पळापळीचा खेळ आणि त्यानंतर लगेच जेवण, एवढं ठरल्या वेळी मिळालं तरी मांजर समाधानी असतं.

तपासा: प्रसूतीच्या अंदाजे तारखेच्या तीन आठवडे आधी मांजर नवा ट्रे वापरतंय, खोलीबाहेर झोपतंय, रडण्याच्या आवाजात जेवतंय. यातलं काही होत नसेल तर आता नवा बदल करू नका, राहिलेलं पक्कं करा.

## टप्पा 7: बाळ घरी येतं तेव्हा

प्रसूतीच्या दिवसांत मांजराला वेळेवर खायला घालणारा आणि ट्रे साफ करणारा माणूस आधीच ठरवून ठेवा. बाळाने वापरलेलं एखादं दुपटं आदल्या दिवशी घरी पाठवा. मांजराच्या नाकासमोर धरू नका, त्याच्या खाण्याच्या जागेपासून काही फुटांवर नुसतं ठेवून द्या. ते स्वतःहून येऊन हुंगेल.

घरी पोहोचल्यावर बाळ आधी दुसऱ्याच्या हातात द्या. कित्येक दिवसांनी परतलेल्या आईने पाच मिनिटं शांतपणे मांजराशी बोलावं. मग आईने बाळ घेऊन बसावं, आणि मांजराला हवं तर जवळ येऊ द्यावं. त्याला उचलून बाळाजवळ नेऊ नका. धरून ठेवलेलं मांजर सुटायला नखंच वापरतं. ते लपून बसलं तर बसू द्या. काही मांजरं आठवडाभर फिरकतही नाहीत, आणि त्यात बिघडलेलं काही नाही.

सूचना: बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि मूत होत नाही, किंवा थेंब-थेंब होतंय, तर त्याच दिवशी व्हेट. ताणामुळे मूत्रमार्ग तुंबतो, आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. याला बद्धकोष्ठ समजून वाट पाहणं ही जीवघेणी चूक आहे. कोणत्याही मांजराने 24 तासांहून जास्त काही खाल्लं नाही तरीही व्हेटला दाखवा.

ट्रेबाहेर मुतणं हा सूड नसतो. ओरडू नका. जागा एन्झाइम असलेल्या क्लीनरने धुवा आणि कोणता बदल अचानक झाला ते शोधा.

## टप्पा 8: झोप

नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: बाळ झोपलेलं असताना आणि मोठं माणूस जागं राहून लक्ष देत नसताना, मांजर त्या खोलीत नको. मांजर बाळाच्या वाईटावर असतं म्हणून नव्हे. ते उबेला जाऊन टेकतं, आणि पहिल्या काही महिन्यांत बाळाला मान वळवून तोंड मोकळं करता येत नाही.

पाळण्यावर जाळी टाकून काम भागत नाही. मांजर तिच्यावर झोळीसारखं झोपतं आणि जाळी त्याच्या वजनाने बाळाच्या तोंडावर येते. बंद दार हाच उपाय. दार बंद केल्यावर बाळाचं रडणं ऐकू येणार नाही अशी धास्ती असेल तर बेबी मॉनिटर लावा, किंवा खोलीला जाळीचं पूर्ण उंचीचं दार बसवा.

बाळाची गादी कडक आणि सपाट, बाळ पाठीवर, आसपास उशी, लोड किंवा मऊ खेळणी नाहीत. ही मांडणी मांजर नसलेल्या घरातही हीच.

## टप्पा 9: बाळाचं सामान मांजरालाही मारू शकतं

सगळे बाळाला मांजरापासून जपतात. उलट बाजू कोणी पाहत नाही.

- पॅरासिटामॉल. बाळाच्या तापाचे थेंब उघडे ठेवू नका. मांजरासाठी याची सुरक्षित मात्रा अस्तित्वातच नाही. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. सांडलेला थेंब चाटला तरी व्हेटला फोन करा, लक्षणांची वाट पाहू नका.
- व्हिटॅमिन डीचे थेंब, आईच्या लोहाच्या गोळ्या, आयबुप्रोफेन. सगळं बंद कप्प्यात.
- निलगिरी, टी ट्री यांसारखी तेलं. सर्दीसाठी डिफ्यूझरमध्ये घातली की मांजर तीच हवा घेतं आणि अंगावर बसलेले थेंब चाटतं. तान्ह्या बाळालाही ही तेलं नकोच.
- लिलीची फुलं. अभिनंदनाच्या गुच्छात हमखास असतात. खऱ्या लिलीचं पान, परागकण, फुलदाणीतलं पाणी, कशानेही मांजराची किडनी निकामी होते. गुच्छ दारातच परत द्या.
- दोरे, रिबिनी, केसांचे रबर, बाटलीची बुचं, चोखणीचे तुकडे. गिळलेला दोरा आतडं चुण्यांसारखं गोळा करतो. तोंडातून किंवा मागून दोरा लटकताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं. तसंच व्हेटकडे न्या.

## टप्पा 10: बाळ रांगू लागतं

सहाव्या-सातव्या महिन्यापासून जमिनीवरचं सगळं बाळाच्या तोंडात जाणार आहे. ट्रे अशा खोलीत हलवा जिथे बाळ पोहोचत नाही, आणि हलवण्याची पद्धत टप्पा 6 मधलीच. बाळ रांगायला लागल्यावर ही तयारी सुरू केली तर उशीर झालेला असतो, पाचव्या महिन्यात सुरू करा. मांजर जाईल एवढी फट असलेलं गेट उपयोगी पडतं. खाण्याची भांडी उंचावर, किंवा जेवण झाल्याबरोबर उचललेली. पाण्याची वाटीसुद्धा.

खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यातून मांजराला उंचावर जायची वाट हवी. सोफ्यामागे कोंडलेलं मांजर आधी कान मागे पाडतं, शेपूट झटकतं, मग पंजा मारतं. या खुणा दिसल्या की बाळाला उचला, मांजराला नाही.

बाळाचा हात धरून उघड्या तळव्याने पाठीवरून फिरवायला शिकवा. शेपूट, पोट आणि तोंड यांना हात लागू द्यायचा नाही. मांजर जेवत, झोपत किंवा ट्रेमध्ये असताना त्याच्याजवळ जायचं नाही, हा नियम मोठ्यांनीच पाळायचा असतो. एक वर्षाच्या मुलाकडून त्याची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

## चावलं किंवा ओरबाडलं तर

1. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पूर्ण 15 मिनिटं, घड्याळ लावून. बहुतेक जण अर्ध्या मिनिटात थांबतात.
2. हळद, मिरची, चुना किंवा तेल लावू नका. जखम घट्ट बांधू नका.
3. चावा असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. मांजराचे दात सुईसारखे असतात: वर ठिपका दिसतो आणि जंतू सांध्यापर्यंत गेलेले असतात. हातावरचा चावा 24 तासांत लाल होऊन सुजू शकतो. गरोदर बाई आणि तान्हं बाळ असेल तर ‘बघू या’ नको.
4. मांजराच्या लसीचं कार्ड बरोबर न्या. मांजर बाहेर फिरणारं किंवा अनोळखी असेल तर रेबीजची लस आणि गरज असल्यास इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. दोन्ही गरोदरपणात आणि स्तनपान चालू असताना घेता येतात. गरोदर आहे म्हणून लस पुढे ढकलणं ही यातली सर्वात घातक चूक.
5. धनुर्वाताच्या लसीची शेवटची तारीख डॉक्टरांना सांगा.
6. ओरखड्यानंतर एक-दोन आठवड्यांनी त्या जागी पुळी, काखेत किंवा मानेत गाठ, बारीक ताप असं काही आलं, तर डॉक्टरांना मांजराचा ओरखडा झाला होता हे आठवणीने सांगा. नाहीतर गाठीचं कारण शोधण्यात आठवडे जातात.